डब्यातली पावडर आणि घरचे ताट

सदर : घर आणि आरोग्य



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, त्यानंतरच्या पहिल्या रविवारची ही गोष्ट. विहारात वंदना आटोपली होती, मंडळी चहाला थांबली होती आणि मी देणगीचा हिशेब वहीत उतरवीत बसलो होतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतील एक ताई जवळ आल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी दोन लेकरे बारावीपर्यंत शिकवली आहेत. पिशवीतून त्यांनी एक मोठा काळा डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

"भाऊ, हे काय औषध आहे ते जरा वाचून सांगा. पोरगं रोज दोन वेळा पाण्यात कालवून पितंय आणि भाकरी खा म्हटलं की नको म्हणतंय."

डबा प्रोटीन पावडरचा होता. वजन १ किलो, किंमत २,४०० रुपये. असे दोन डबे घेण्यासाठी ताईंनी बचत गटातून ५,००० रुपये उचलले होते आणि गटात मात्र शिवणयंत्राचे कारण सांगितले होते. हे सांगताना त्यांची मान खाली गेली. मुलगा वीस वर्षांचा आहे आणि पोलीस भरतीची तयारी करतो. भरतीला मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते आणि फुगवल्यावर ५ सेंटिमीटर वाढावी लागते. याची छाती ७७ भरत होती. दोन सेंटिमीटरसाठी आईने कर्ज काढले होते.

मी मुलाला बोलावून घेतले. तो म्हणाला, "काका, जिममधले सर सांगतात, पावडर घेतली नाही तर मेहनत वाया जाते. व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात प्यायलीच पाहिजे. भाकरी-भातानं पोट सुटतं. आणि महिन्याभरात छाती भरली नाही तर सुई घ्यावी लागेल."

सुईचे नाव ऐकले आणि मी हिशेबाची वही मिटली. आज आपल्या प्रत्येक वस्तीत भरतीसाठी पळणारी, जोर-बैठका काढणारी आणि जिमला जाणारी मुले-मुली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यांच्या खाण्यासंबंधी जे सांगितले जाते त्यात खरे किती आणि धंदा किती, हे आईबापांना कळले पाहिजे. म्हणून आजचा लेख.

स्नायू वाढतो कसा?

स्नायू वाढण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली गोष्ट, वाढत जाणारा भार. रोज तेवढेच वजन तेवढ्याच वेळा उचलले तर शरीराला वाढण्याचे कारण उरत नाही. दुसरी गोष्ट, पोटभर अन्न आणि त्यात पुरेशी प्रथिने. तिसरी गोष्ट, झोप आणि विश्रांती. व्यायाम करताना स्नायू वाढत नाही. व्यायामाने त्याला फक्त इशारा मिळतो. बांधणीचे काम त्यानंतर दिवस-दीड दिवस चालते आणि ते खाल्लेल्या अन्नावर चालते. त्यामुळे सात-आठ तास झोप न घेणाऱ्याने कितीही खाल्ले तरी त्याला पुरते फळ मिळत नाही.

प्रथिने म्हणजे बांधकामाची वीट. भाकरी, पोळी आणि भात म्हणजे सरपण. घरात सरपण नसले की माणूस दाराची चौकटसुद्धा चुलीत घालील. शरीरही तसेच करते. धान्य कमी खाल्ले तर महागड्या प्रथिनांतला मोठा भाग ऊर्जेसाठी जळून जातो आणि बांधकामाला कमी उरतो. आमचा मुलगा भाकरी सोडून पावडर पीत होता, म्हणजे नेमके हेच करीत होता. भाकरीने पोट सुटत नाही. गरजेपेक्षा जास्त खाल्ले आणि अंग हलवले नाही तर पोट सुटते. रोज दीड तास घाम गाळणाऱ्याला धान्य हवेच.

प्रथिने किती लागतात?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये जाहीर केलेल्या शिफारशीनुसार साध्या प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. वजने उचलून स्नायू वाढवणाऱ्यांना यापेक्षा जास्त लागतात. त्यावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास गेल्यावर बहुतेकांना आणखी फायदा होत नाही असे दिसून आले. म्हणजे ६० किलोच्या मुलाला ९५ ते १०० ग्रॅम पुरेत. दोनशे-दोनशे ग्रॅमच्या गोष्टी सांगणारे सांगोत.

याच दोन संस्थांनी २०२४ मध्ये देशवासीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे काढली. शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेणे टाळा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पावडर म्हणजे विष असे माझे म्हणणे नाही. ती दुधापासून काढलेली प्रथिनेच असतात. पण बाजारात नकली माल भरपूर आहे, आणि जे आपल्या किराणा दुकानात मिळते त्यासाठी कर्ज काढण्याचे काही कारण नाही. कोणी घेणारच असेल तर डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे की नाही ते आधी पाहावे, आणि अठरा वर्षांखालील मुलांना ती देऊ नये.

वहीत मांडलेला हिशेब

मी कारकून माणूस, शिक्षण बी.कॉम. आकडे मांडल्याशिवाय मला कोणतीही गोष्ट पटत नाही. त्या दिवशी विहाराच्या वहीच्या मागच्या पानावर मी त्या मायलेकांसमोर हिशेब मांडला. २० ग्रॅम प्रथिने मिळवायला किती पैसे लागतात, एवढाच प्रश्न. भाव आमच्या भागातील दुकानाचे आहेत, तुमच्याकडे चार-दोन रुपये इकडेतिकडे होतील.

सोयाबीनच्या वड्या : ४० ग्रॅम, ६ रुपये.
मसूर : ८५ ग्रॅम, ८ रुपये.
फुटाणे : १०० ग्रॅम, १२ रुपये.
शेंगदाणे : ८० ग्रॅम, १२ रुपये.
अंडी : तीन ते चार, २४ रुपयांच्या आसपास.
गाईचे दूध : सव्वासहाशे मिलिलिटर, ३७ रुपये.
डब्यातील पावडर : मापाचा एक चमचा जेमतेम भरून, ६७ रुपये.

मुलगा बराच वेळ पानाकडे पाहत राहिला. आई म्हणाली, "भाऊ, वड्या तर आम्ही महिना संपत आला की करतो. मटणाच्या पैशाला कमी पडलं म्हणून."

ही आपल्याकडची मोठी गैरसमजूत आहे. गरिबाघरचे म्हणून ज्या जिन्नसांना आपण नाक मुरडतो, त्यांतच अंगात भरणारे सत्त्व असते. मटकी, हुलगे, हरभरा आणि मसूर यांत शंभर ग्रॅमला वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिने आहेत. सुकट आणि सुके बोंबील यांत तर साठच्या आसपास आहेत. मूठभर सुकट दोनदा पाण्यातून काढून, कांदा घालून परतली की एका माणसाचे एका वेळचे काम होते. खारवलेली असते म्हणून रक्तदाब असलेल्यांनी मात्र ती बेताने खावी.

धान्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचा एक घटक कमी असतो आणि डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो. कडधान्यांत जे कमी ते धान्यात असते. म्हणून पिठले-भाकरी, उसळ-पोळी, वरण-भात अशी जोडी जमली की दोन्हीकडची उणीव भरून निघते. आपल्या आयांनी ही जोडी शास्त्र न शिकता जमवली आहे. फरक एवढाच की आमटी पातळ नको. एका घरात पाच माणसांना मिळून एक वाटी डाळ शिजत असेल तर पाण्यातून प्रथिने कुठून येणार?

दिवसभराचे ताट

मुलगा काय खातो ते मी विचारून लिहून घेतले. सकाळी चहा आणि खारी, दुपारी कधी पोळी आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी वडापाव, रात्री भात आणि आमटी. सगळी मिळून प्रथिने पस्तीस ग्रॅमच्या आसपास. मग आम्ही तिघांनी बसून नवे ताट ठरवले.

सकाळी व्यायामानंतर तीन उकडलेली अंडी, दोन पोळ्या आणि एक कप दूध : ३१ ग्रॅम.
दुपारी डब्यात तीन पोळ्या आणि ६० ग्रॅम कोरड्या मटकीची घट्ट उसळ : २४ ग्रॅम.
संध्याकाळी पाचला ४० ग्रॅम फुटाणे, २० ग्रॅम शेंगदाणे आणि गुळाचा खडा : १३ ग्रॅम.
रात्री दोन ज्वारीच्या भाकरी आणि ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी : २७ ग्रॅम.

बेरीज ९५ ग्रॅम. भाकरी-पोळी घरात होतेच, ती सोडून वरचा खर्च दिवसाला ५३ रुपये, महिन्याला १,६०० रुपये. दोन वेळा पावडर पिण्याचा खर्च महिन्याला ४,८०० रुपये. शिवाय ताटात हिरवी पालेभाजी, कांदा, लिंबू आणि परवडेल ते एखादे फळ असावे. पावडरच्या डब्यात यातले काहीच मिळत नाही.

अंड्यासंबंधी दोन गोष्टी. पहिलवान लोक कच्ची अंडी दुधात फोडून पितात, ते पाहून आपली मुलेही पितात. तसे करू नये. कच्च्या अंड्यातील प्रथिने जवळजवळ निम्मीच अंगी लागतात, उकडलेल्याची नव्वद टक्क्यांच्या आसपास लागतात, आणि कच्च्यातून रोगजंतू जाण्याची भीती वेगळी. दुसरी गोष्ट, पिवळा बलक फेकू नका. अंड्यातील प्रथिनांपैकी निम्म्याला थोडी कमी त्या बलकातच असतात. सोयाबीनने पुरुषत्व कमी होते असेही मुलांना सांगितले जाते. रोजच्या खाण्यातील सोयाबीनने पुरुषांच्या संप्रेरकांत फरक पडल्याचे तपासण्यांत आढळलेले नाही.

मांसाहारावरही घरोघर वाद होतात. ज्याला खायचे आहे त्याने कोंबडी, मासे, मटण परवडेल तसे खावे, आणि ज्याने सोडले आहे त्याला कडधान्य, सोयाबीन आणि दूध यांवर बळ कमावता येते. मात्र गरिबाच्या ताटातील स्वस्त प्रथिने कमी होत चालली आहेत, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. राज्यात २०१५ मध्ये बैलांच्या कत्तलीवर कायद्याने बंदी आली. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. आपल्या लेकरांच्या ताटात काय पडते हा राजकारणाचाही प्रश्न आहे. तो आपण विचारीत राहिले पाहिजे.

केव्हा खावे?

आता वेळेकडे वळू. व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात काही प्यायले नाही तर सारे वाया जाते, ही गोष्ट खरी नाही. दिवसभरात एकूण किती प्रथिने पोटात गेली हे सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यानंतर महत्त्व आहे ते वाटणीचे. सगळे एकाच वेळी रात्री खाण्यापेक्षा तीन-चार तासांच्या अंतराने तीन-चार वेळा, दर वेळी वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने जातील असे खावे.

पोटभर जेवण व्यायामाच्या आधी दोन-तीन तास झालेले असावे. भरल्या पोटी पळाल्यास मळमळते. पहाटे पाचला मैदानावर जाणाऱ्या मुलांनी उठल्यावर एक केळे किंवा दोन खारका आणि पाणी घ्यावे. पहाटेचा व्यायाम रिकाम्या पोटी झालेला असतो, रात्रीच्या जेवणाला नऊ-दहा तास होऊन गेलेले असतात, म्हणून अशांनी न्याहारीला मात्र उशीर करू नये. व्यायामाहून आल्यावर तासाभरात नीट खावे. संध्याकाळी व्यायाम करणाऱ्याने दुपारी चार-पाचला फुटाणे-केळे खाल्ले असेल तर रात्रीचे जेवण घरी आल्यावर सावकाश झाले तरी काही बिघडत नाही.

आपल्यातील पुष्कळ तरुण रात्रपाळीला आहेत. कोणी सुरक्षारक्षक, कोणी कारखान्यात, कोणी सफाईच्या कामावर. त्यांनी घड्याळाकडे न पाहता उठण्याच्या वेळेपासून मोजावे. दुपारी दोनला उठलात तर ती तुमची सकाळ. उठल्यावर न्याहारी, दोन-अडीच तासांनी व्यायाम, कामावर निघण्यापूर्वी जेवण आणि मध्यरात्रीसाठी डब्यात पोळी-उसळ किंवा अंडी. रात्रपाळीत चहा-बिस्किटांवर रात्र काढली तर सकाळी कितीही जोर मारले तरी अंग भरणार नाही.

जेवणाबरोबर चहा घेऊ नये. चहामुळे धान्य-कडधान्यांतील लोह अंगी लागत नाही. चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावे आणि उसळीवर लिंबू पिळावे, लिंबाने लोह चांगले शोषले जाते.

एका तरुणाने मला विचारले की पौर्णिमेला अष्टशील घेतले तर दुपारी बारानंतर जेवता येत नाही, मग स्नायू उतरतील काय? मुळीच नाही. एका दिवसाने काही उतरत नाही. त्या दिवशी सकाळी आणि साडेअकरापर्यंत दोन वेळा भरपूर डाळ-उसळ खावी, जड व्यायामाला सुट्टी द्यावी, पाणी पीत राहावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीप्रमाणे. विश्रांतीचा दिवस आठवड्यात एखादा लागतोच, तो पौर्णिमेला आला तर चांगलेच आहे. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा उपवास करू नये. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनीही जादा प्रथिने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

आणखी एक. पाचव्या शीलाचे महत्त्व इथेही आहे. व्यायामानंतर दारू प्यायल्यास स्नायूंच्या बांधणीचा वेग घटतो, हे प्रयोगाने दिसून आले आहे. दिवसा जोर आणि रात्री बाटली, हे जमणार नाही.

सुईचा धोका

आता त्या सुईविषयी. जिममध्ये लपूनछपून टोचली जाणारी औषधे बहुधा दोन प्रकारची असतात. एक म्हणजे टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन यांसारखी स्टेरॉइड. यांनी स्नायू फुगतात, ही गोष्ट खरी, म्हणूनच मुले भुलतात. पण शरीराला संप्रेरक बाहेरून मिळू लागले की ते स्वतः तयार करणे थांबवते. वृषणे आकसतात, वीर्यातील बीजे घटतात, मूल होण्यास अडचण येते. काहींची छाती स्त्रीसारखी वाढते, अंगावर मुरमे येतात, स्वभाव चिडका होतो. रक्तदाब चढतो, हृदयाला धोका होतो आणि यांतील काही गोळ्यांनी यकृत बिघडते. दुसरे औषध मेफेन्टरमाइन. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा रक्तदाब एकदम खाली गेला तर डॉक्टर ते देतात. दम टिकावा म्हणून धडधाकट मुलाने ते टोचून घेतले तर रक्तदाब आणि हृदयाचे ठोके भलतेच वाढू शकतात आणि त्याचे व्यसनही लागते. ही सारी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे. एकच सुई अनेकांनी वापरली तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

ज्या मुलाने आधीच घेतली असेल त्याला मारहाण करू नका, घराबाहेर काढू नका. त्याला विश्वासात घेऊन सरकारी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना खरे ते सांगा. आमच्या मुलाला मी दुसऱ्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दवाखान्यात नेले. त्याने सुई घेतलेली नव्हती. डॉक्टरांनी त्याला जे सांगितले ते माझ्या सांगण्यापेक्षा त्याला जास्त पटले.

बहिणीचे ताट

हा हिशेब चालला असताना त्या घरातील मुलगी दाराशी उभी होती. अठरा वर्षांची. तीही भरतीसाठी ८०० मीटर पळते. मी सहज विचारले, "बाळ, तू काय खातेस?" ती काही बोलली नाही. आईच म्हणाली, "ती काय, उरलं-सुरलं खाते. पोराला भरती व्हायचंय ना, भाऊ."

मी म्हणालो, "ताई, पोरीलाही भरती व्हायचंय."

पळताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत असे. दवाखान्यात तिचेही रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९ निघाले. बायकांमध्ये ते १२ तरी असावे लागते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. हे आकडे आपल्या घरांतूनच गोळा होतात. रक्तच कमी असेल तर दम कुठून येणार आणि स्नायू कसे भरणार? तिला लोहाच्या सरकारी गोळ्या सुरू झाल्या. जेवणात बाजरी, हुलगे, पालेभाजी, अळीव आणि आठवड्यातून एकदा कलेजी आली.

भाऊ आणि बहीण दोघांचे ताट सारखे करायचे तर खर्च वाढणार होता. म्हणून आम्ही पुन्हा वही उघडली. दोघांना रोज तीनऐवजी एक-एक अंडे, दूध फक्त चहापुरते, त्याबदली सोयाबीन वड्या आणि फुटाणे थोडे जास्त. प्रथिने प्रत्येकी नव्वदच्या आसपास राहिली, मुलीच्या वजनाला तर ती पुरून उरतात. दोघांचा मिळून वरचा खर्च महिन्याला २,००० रुपयांच्या आत बसला. एका मुलाच्या पावडरीला ४,८०० लागत होते.

बाबासाहेबांनी आपल्याला समतेचा धम्म दिला. ती समता विहारातील भाषणांत पुष्कळ ऐकू येते. ती स्वयंपाकघरात आली पाहिजे. पंक्तीला कोण आधी बसतो, अंडे कोणाच्या ताटात पडते आणि करपलेली भाकरी कोणाच्या वाट्याला येते, हे पाहिले की त्या घरात धम्म किती उतरला ते कळते.

मध्यम मार्ग

तथागतांनी सहा वर्षे कठोर तपश्चर्या केली, अन्न सोडले, शरीराचा सापळा झाला. अशा शरीराने सत्य सापडणार नाही हे उमगल्यावर त्यांनी सुजाताने दिलेले अन्न ग्रहण केले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात हा प्रसंग आला आहे. दुसरीकडे कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत बुद्धांकडे येत असे. बुद्धांनी त्याला प्रमाणात खाण्याचा उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला जेवणाच्या वेळी त्या उपदेशाची आठवण करून देण्याचे काम सांगितले, आणि हळूहळू तो सडपातळ व निरोगी झाला. भोजनातील प्रमाण जाणणे याला पालीत 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणतात. उपासमार नको आणि अतिरेकही नको. शरीर कमावणाऱ्याला याहून चांगला नियम नाही.

महाडच्या १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास सांगितले. आपल्या आजा-पणजांनी अर्धपोटी राहून ते सोडले आणि स्वाभिमान कमावला. त्यांच्या नातवंडांनी जाहिरातीला भुलून आईला कर्जात घालावे, हे शोभत नाही.

आता चार महिने झाले आहेत. मुलाचे वजन तीन किलो वाढले आहे. छाती परवा टेपने मोजली, साडेअठ्ठ्याहत्तर भरली. अजून अर्धा सेंटिमीटर बाकी आहे. मुलीचे हिमोग्लोबिन ११ झाले आहे आणि अंधारी येणे थांबले आहे. ताईंनी बचत गटाच्या बैठकीत शिवणयंत्राची खरी गोष्ट सांगून टाकली. कोणी त्यांना बोल लावला नाही. उलट दोघी-तिघी म्हणाल्या की आमच्या घरातही तो डबा आहे. आता त्या गटाने महिन्यातून एकदा कडधान्य, शेंगदाणे आणि सोयाबीन वड्या ठोक भावाने आणून वाटून घेण्याचे ठरवले आहे. किलोमागे दहा-पंधरा रुपये वाचतात. कर्जाचे दोन हप्ते अजून राहिले आहेत.

आपापल्या वस्तीत, विहारात आणि बचत गटात हे करून पाहा. आज रात्रीच मूठभर मटकी भिजत घाला. उद्या फडक्यात बांधा, परवा मोड येतील. आणि ताटे वाढताना मुलीचे ताट मुलाच्या ताटाशेजारी ठेवून एकदा पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!